दर दहावं पान

“हे असलं वाचाले का तुले बारावीपर्यंत शिकवलं?”

माझी बहीण ओरडत होती. सौंसरच्या बसस्टँडवर उतरलो तेव्हाच आवाज कानी पडला आणि त्या आवाजाचं बोट धरून मी थेट तिच्या दारात पोचलो. वाटेत दोन कुत्री आणि एक ट्रॅक्टर बाजूला होऊन उभे होते, त्यांनीही मला तिकडंच जायला वाट करून दिली. आत पाहतो तर बहिणीच्या हातात पोळ्यांचा चिमटा आणि चिमट्यात पुस्तक. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर नेतात तसं तिनं ते कोपऱ्याला धरलं होतं, अंगापासून हातभर लांब. पुस्तक गुलाबी. त्याच्यावर एक मुलगा आणि एक मुलगी नाकाला नाक लावायच्या बेतात, आणि बहिणीचा हात रागानं हलत होता त्यामुळे ती दोघं दर झटक्याला आणखीच जवळ आल्यासारखी दिसत होती.

भाची भिंतीला टेकून उभी होती, नजर फरशीवर. जवाईबापू, म्हणजे बहिणीचे यजमान, बोरगावच्या कारखान्यातली पाळी करून आलेले, खाटेवर बसून पोहे खात होते. घरात आग लागली असती तरी त्यांनी आधी पोह्यांतले शेंगदाणे निवडले असते, इतकं त्यांचं ताटलीत लक्ष.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची पाळण्यात असो की लग्नाला आलेली असो, दारात शिरल्यावर पहिलं काम ते. मी चपला काढल्या, चिमट्याखालून वाकून भाचीच्या पायाला हात लावला आणि मग विचारलं की झालं काय.

झालं ते असं. गव्हाच्या कोठीत कीड लागू नये म्हणून बहिणीनं कडुनिंबाचा पाला टाकून ठेवला होता. दळणाला गहू काढावे म्हणून पाल्याखाली हात घातला आणि हाताला हे लागलं. बाहेरची कीड पाल्यानं थांबते, ही घरच्याच पोरीनं नेऊन ठेवलेली, हिला काय टाकू, असं तिचं म्हणणं. भाचीनं एवढंच सांगितलं की पुस्तक मैत्रिणीचं आहे, नागपूरहून आणलेलं आहे, इंग्रजीवरून मराठीत केलेलं आहे, आणि त्यात काही वाईट नाही. पहिल्या तीन गोष्टींवर बहिणीनं विश्वास ठेवला, आणि त्याच तिन्हींमुळे चौथीवर ठेवला नाही.

नुसतं पुस्तकच असतं तर प्रकरण चिमट्यावर निभावलं असतं. पण भाचीला नागपूरच्या कॉलेजात जागा मिळाली होती, मुलींच्या होस्टेलातही मिळाली होती, आणि शनिवारच्या आत मोबाइलवर होकार भरायचा होता. नाही भरला तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. बहिणीच्या मनात ते मुळापासूनच नव्हतं. सौंसरात कॉलेज आहे, घरची भाकर खाऊन शिक, असं ती महिनाभर म्हणत होती, आणि पोरगी महिनाभर एकेक मुद्दा खोडून काढत होती. शेवटी आई हरली होती. आता कोठीतून हे निघालं, म्हणजे हरलेल्या वकिलाला निकालाच्या आदल्या दिवशी साक्षीदार सापडला.

बहिणीनं पुस्तक माझ्यासमोर आदळलं. म्हणाली, “दादा, तू वाच. तू पाह्यलं म्हंजे मी पाह्यलं. घाण असन तं पोरगी घरात राहीन. नसन तं जाऊ दे नागपूरले.”

भाचीनं पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिला हायसं वाटलं असावं. बिचारीला माहीत नव्हतं.

न्याय माझ्याकडे का आला ते सांगतो. एक म्हणजे मी वाचणारा माणूस आहे, हे नात्यागोत्यात सर्वांना ठाऊक. काय वाचणारा, ते कोणी विचारत नाही. मला मुडदा लागतो. पहिल्या पानावर एक, दुसरा पन्नासाव्याच्या आत. मुडदा नसेल तर वाघ चालतो, नरभक्षक असला तर उत्तम, आणि थंडीच्या दिवसांत एखादं पिंपळावरचं भूत. प्रेम ही गोष्ट माझ्या पुस्तकांत फक्त खुनाचं कारण म्हणून येते, आणि तिला तेवढी जागा पुरते.

दुसरं म्हणजे माझी नजर. मी संत्र्याच्या बगीच्यांचा अंदाज काढतो. झाडावर फळं लिंबाएवढी झाली की व्यापारी आणि शेतकरी दोघंही मला बोलावतात, मी बगीच्यात फिरतो आणि माल किती निघेल ते सांगतो. तीस वर्षांत माझा आकडा हुकला नाही. एकदा मोहगावकडच्या एका खवट म्हाताऱ्यानं परीक्षा घेतली. मी एका झाडाखाली शिरून म्हटलं, सहाशे बारा. त्यानं दोन गडी लावून मोजली, सहाशे दहा निघाली. म्हातारा हसायला लागला. मी शेजारच्या बाभळीकडे बोट दाखवलं. तिथं माकड बसलं होतं, दोन्ही हातांत एकेक संत्रं. तेव्हापासून त्या भागात माझ्या शब्दावर तराजू लावत नाहीत.

या धंद्याची रीत अशी. झाड बाहेरून पाहून बोलायचं नाही. बाहेरची फळं नेहमी गोरीगोमटी, पाहुण्यांपुढं आणलेल्या मुलांसारखी. आत शिरायचं, खोडाला टेकायचं, मान वर करायची, मग झाडाचं खरं पोट दिसतं. पण हजार झाडांखाली शिरत बसलो तर माणूस त्याच बगीच्यात म्हातारा होईल. म्हणून दर दहावं झाड. एक, आणि मग नऊ सोडून पुढचं. बगीचा कसा आहे ते तेवढ्यात कळतं.

संध्याकाळच्या बसनं पांढुर्ण्याला परत निघालो. पुस्तक गमछ्यात गुंडाळलं होतं, कारण ते मुखपृष्ठ घेऊन या वयात बसमध्ये बसलो असतो तर कंडक्टरनं मला उतरवून दिलं असतं. खिडकीची जागा धरली, गमछ्याचा बुरखा करून त्यात डोकं खुपसलं आणि आपल्या रीतीनं काम सुरू केलं. पान दहा.

पान दहावर त्याचा हात तिच्या कमरेभोवती होता. मी थुंकी गिळली आणि नऊ पानं सोडली. पान वीसवर तो उघडाबंब, अंगावरून पाणी निथळतंय, आणि ती पाहतेय. पान तीसवर दोघं एका घोंगडीत. चाळीसावर तिनं डोळे मिटले आणि लिहिलं होतं की आता जे व्हायचं ते होवो. पन्नासावर तो दात आवळून म्हणतो, आता मला धरवत नाही. मी पुस्तक मिटून बाहेर पाहिलं. माझ्या कानशिलांतून वाफ निघत होती, आणि तिनं खिडकीची काच धुरकटली, हे मी आपल्या डोळ्यांनी पाहिलंय.

शेजारी तिगावचा एक म्हातारा शेतकरी बसला होता. त्यानं विचारलं, काय वाचून राहिले जी. मी म्हटलं, फवारणीचं पुस्तक आहे. कोणत्या रोगावर, त्यानं विचारलं. कोवळ्या झाडांना लागतो त्या, मी सांगितलं. तो म्हणाला, त्याच्यावर औषधच नाही, आणि झोपी गेला.

पांढुर्णा येईपर्यंत माझी तीस झाडं पाहून झाली होती. म्हणजे पानं. तिसातल्या अठ्ठावीस पानांवर कोणीतरी कोणाच्यातरी अंगाला खेटलेलं होतं, आणि उरलेल्या दोनांवर एकमेकांची आठवण काढत होतं. घरी पोचलो, हातपाय धुण्याआधी बहिणीला फोन लावला. म्हणालो, “बाई, बगीचा खराब हाय. पोरीले घरीच ठेव.”

पलीकडे शांतता झाली. बहीण कधी शांत झालेली मी ऐकली नव्हती, त्यामुळे वाटलं फोन बिघडला. मग ती म्हणाली, बरं. मागून कोणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला, आणि तिनं फोन ठेवला. मी बायकोला म्हटलं, पाहा, एका शब्दात पोरीचा जन्म वाचवला. आणि वांग्याच्या भाजीवर ताव मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा निरोप मोबाइलवर आला. ही पोरगी रोज सकाळी मला उगवता सूर्य पाठवते, खाली गुलाबाचं फूल, फुलावर दव. त्या दिवशी सूर्य नाही, फूल नाही. चार शब्द. “मामा, पूर्ण वाचलं का?”

मी तो बायकोला दाखवून म्हटलं, आता पोट्टी मला धंदा शिकवणार. बायको तांदूळ निवडत होती. तिनं माझं दर-दहाव्या-झाडाचं शास्त्र तीस वर्षं ऐकलेलं, लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून. सुपातून मान वर न करता ती म्हणाली, “संत्र्याचं अकरावं झाड दहाव्याचं आयकत नसते. पुस्तकाचं पान आयकते.”

मी हसण्यावारी नेलं. पण ते वाक्य कुसळासारखं बनियनमध्ये शिरून बसलं. तिगावकडे बगीचा पाहायला गेलो तर प्रत्येक दहाव्या झाडाखाली शिरताना अकरावं माझ्याकडे पाहून हसतंय असं वाटायला लागलं. शेवटी संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलो. पान एक.

आणि मग जे तीन दिवस मी काढले, ते शत्रूलाही येऊ नयेत.

आधी त्या पोराविषयी सांगतो. कुठल्याशा थंड देशातलं समुद्रकाठचं गाव, पोरगा नावा दुरुस्त करायला आलेला. नावा दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या अंगाला कसला वास यायला पाहिजे? डिझेलचा. फार तर मासळीचा. याच्या अंगाला पावसाचा, देवदाराचा आणि दालचिनीचा वास येतो. दर सहा पानांनी येतो. मी आयुष्यभर पुरुषांच्या घोळक्यात वावरलोय, मजुरांच्या, हमालांच्या, व्यापाऱ्यांच्या. घाम, बिडी, फवारणीचं औषध आणि ओला गमछा याखेरीज मला पुरुषाला पाचवा वास ठाऊक नाही. दालचिनीचा वास येणारा इसम मला फक्त एकदा भेटला होता, आणि त्याची किराण्याच्या दुकानात मसाल्याची बरणी फुटली होती.

पोराच्या डोळ्यांचा रंग चौदा वेळा सांगितलाय. आधी करडे, मग वादळासारखे करडे, पुढं समुद्रासारखे, मग समुद्र वादळात असतानासारखे. आमच्याकडे बैल विकत घेतानाही कोणी डोळ्यांत इतकं पाहत नाही, आणि बैल तरी काही कामाचा असतो. याला एक नाव दुरुस्त करायला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतचा वेळ लागला.

ती मुलगी तर विचारू नका. सतरा वर्षांची धडधाकट पोरगी, आणि सपाट जमिनीवर पडते. पायरीवरून पडते, सायकलवरून पडते, एकदा तर उभ्या जागी पडते. दर वेळी तो झेलतो. मला वाटलं हिला काही दुखणं असेल, पुढं डॉक्टर येईल. डॉक्टर आला नाही. तिचं काळीज एक ठोका चुकतं, असं पहिल्या शंभर पानांत इतक्यांदा आलं की मी हिशेब लावला, ही पोरगी निम्मा वेळ मेलेलीच होती. मुडदा, मुडदा म्हणतो तो हाच की काय, असंही वाटून गेलं. आणि ओठ चावणं. विचार आला की ओठ चावते. आमच्या घरची बकरी इतकं चावत नाही.

ही मंडळी जेवत नाहीत. कॉफी पितात, ती थंड होते, मग ती थंड कॉफीकडे बघत बसतात. मनाला लागलं की मुलगी वर आपल्या खोलीत जाऊन आतून कडी लावते, पलंगावर उपडी पडते आणि आठ आठ पानं रडते, आणि आठ पानांत एकदाही खालून कोणी हाक मारत नाही की बाई, कणीक भिजव.

आणि तो गैरसमज. त्यानं तिला चिठ्ठी लिहिली, ती चिठ्ठी चुकीच्या कोटाच्या खिशात गेली, आणि तेवढ्यावर दोघं एकशे तीस पानं एकमेकांशी बोलले नाहीत. दोघांकडे फोन आहेत. घरं समोरासमोर आहेत. मी पांढुर्ण्याचा माणूस. आमच्या नदीच्या दोन काठांवरून, कोण्या जमान्यातल्या एका जोडप्याच्या नावानं, दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटे चालतात. प्रेमप्रकरण म्हणजे डोकं फुटलं पाहिजे, टाके पडले पाहिजेत, दोन पिढ्यांनी एकमेकांकडचं पाणी पिऊ नये. ह्या दोघांचं काय, तर एक कोट.

पुस्तकाला गोडी इतकी की दुसऱ्या रात्री उशाशी ठेवून झोपलो तर सकाळी मुंग्यांची रांग लागलेली. ओट्यावर गुळाचा खडा उघडा पडला होता, त्याला एकही मुंगी नाही, सगळ्या पान एकशे सत्तेचाळीसवर. बायको म्हणते, तुम्ही पुस्तकावर चहा सांडला होता. सांडला असेल. पण चहा बिनसाखरेचा होता. तोंडाची चव जावी म्हणून मी हिरवी मिरची चावून खाल्ली. गोड लागली.

मात्र तिसऱ्या दिवशी मला घाम फुटला, आणि तो पुस्तकाच्या गोडीनं नव्हे.

पान दहावर त्याचा हात तिच्या कमरेभोवती होता, हे खरं. पान नऊवर ती धक्क्यावरून समुद्रात पडत होती. पान वीसवर तो उघडाबंब होता, कारण पान एकोणीसवर एका म्हातारीचं कुत्रं पाण्यात गेलं होतं आणि यानं उडी मारून ते काढलं. एका घोंगडीत दोघं नव्हते, अकरा जण होते. वादळात गावाची वीज गेली होती, आणि मुलीच्या आणि मुलाच्या मधे तिची आत्या बसली होती, वजनदार बाई, पूर्ण पानभर तिचंच वर्णन. पान चाळीसवर डोळे मिटून जे व्हायचं ते होवो म्हणाली, ते गणिताच्या पेपराला. आणि पन्नासावर तो जे धरवत नाही म्हणत होता, तो नावेचा दोर होता.

तीनशे पानांत ते दोघं एकदा एकमेकांचा हात धरतात. त्याआधी तो विचारतो, धरू का. ती म्हणते, थांब. तो थांबतो. किती थांबतो? बावीस पानं. पुन्हा विचारतो. शेवटी एक चुंबन आहे, मुखपृष्ठावरचं, तेही शेवटून दुसऱ्या पानावर, आणि त्याच्या मधेच आत्या दार वाजवते. मला या पुस्तकाची किळस आली होती ती घाण म्हणून नव्हे. घाण असती तर निदान काही घडलं तरी असतं.

म्हणजे माझा अंदाज हुकला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही संत्र्याचा नव्हे, पोरीचा. शुक्रवार उजाडला होता. मी पोह्यांना नाही म्हटलं आणि पहिली बस धरली.

पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्याच्यात आलं, तेव्हापासून आम्ही पांढुर्ण्याची माणसं सौंसरात उतरताना जरा छाती काढून उतरतो, कलेक्टर आमचाच मामेभाऊ असल्यासारखे. त्या दिवशी मी मान खाली घालून उतरलो. बहिणीच्या घरून आवाज नव्हता. आवाजाशिवाय मला तिचं घर सापडेना, एकदा पुढच्या गल्लीत गेलो.

भाची खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. मी चपला काढल्या आणि नेहमीसारखा वाकलो. तिनं पाय उचलून मांडी घातली आणि वरून लुगड्याचं जुनेर ओढून घेतलं. माझा हात फरशीवरच राहिला. जन्मापासून त्या पायांना हात लावत आलो होतो, बोटभर होते तेव्हापासून. ती शेंगा सोलत राहिली. मला तिगावच्या म्हाताऱ्यासारखं तिथंच झोपी जावंसं वाटलं.

बहिणीनं चहा ठेवला. जवाईबापूंची पाळी दुपारची होती, ते जेवत होते. मी पुस्तक गमछ्यातून काढून मधोमध ठेवलं आणि बोलायला लागलो. पुस्तक चांगलं आहे असं म्हटलं असतं तर काम सोपं होतं, पण मी देवाशप्पथ सांगतो, तोंडातून निघेना. जिभेनं संप केला. मी म्हणालो की इतकं फालतू, चिकट, बिनमिठाचं पुस्तक मी आयुष्यात वाचलं नाही, हे वाचून माझी दोन वर्षं कमी झाली असतील, पण घाण याच्यात नावाला नाही. देवळाच्या पायरीवर बसून वाचावं इतकं ते निरुपद्रवी आहे.

बहीण म्हणाली, फोनवर तर बगीचा खराब म्हणाला होतास. मी म्हटलं, मी दर दहावं पान पाहून बोललो. मधलं पाहिलं नाही.

जवाईबापू बोलत नाहीत. लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर ते शिंकले होते, त्यानंतर त्यांचा आवाज आम्ही फारसा ऐकलेला नाही. त्यांनी घास खाली ठेवला. “म्हंजे तुम्ही न फिरता अंदाज सांगतला?”

मी म्हटलं, हो.

“अन् आम्ही पोरीले चार दिवस कोंडून ठेवलं.”

मी म्हटलं, हो. चुकलं. हा शब्द मी आधी कधी वापरला नव्हता, त्यामुळे तो फार बारीक निघाला, मला वाटलं कोणी ऐकलाच नाही. पण शेंगा सोलायचा आवाज थांबला होता.

बहीण अजून अडूनच होती. घाण नसेल, मान्य, पण असं वाचून पोरीच्या डोक्यात खूळ भरतं, उद्या नागपुरात असाच एखादा भेटला तर. तेव्हा माझी जीभ ठिकाणावर आली. मी म्हटलं, बाई, भेटला तर ना. ह्या पुस्तकातलं पोट्टं हात धरायच्या आधी विचारतं, नाही म्हटलं तर बावीस पानं उभं राहतं, आणि जेवल्यावर आपलं ताट आपण घासतं. घासतं म्हणजे खरंच घासतं, लिहिणारीनं त्यावर अर्धं पान खर्चलंय, जसा काही वाघ मारला. असा इसम मला तिगावपासून बोरगावपर्यंत दाखव. नागपुरातही नाही. हे वाचलेली पोरगी पळून जाणार कोणासोबत? ती येईल त्याला नाकारत बसेल. तुला काळजी करायचीच असेल तर दहा वर्षांनी तिचं लग्न जमेना याची कर.

बहीण जवाईबापूंच्या ताटाकडे पाहत होती. जवाईबापूही मग आपल्या ताटाकडे पाहायला लागले. थोड्या वेळानं ते उठले, ताट उचललं, मोरीपर्यंत गेले, आणि पुढं काय करायचं ते न कळून तिथंच उभे राहिले. तिकडूनच म्हणाले, “भर व माय, तुहं फारम.”

बहिणीनं तोंड फिरवून चहा गाळला. नाही म्हणाली नाही. भाचीनं मोबाइल घेतला आणि अंगठ्यानं टकटक करत दोन मिनिटांत होकार भरला. चार दिवस ज्याच्यासाठी घर बंद पडलं होतं ते काम तेवढंच होतं.

मला बसपर्यंत सोडायला ती आली. पुस्तक तिच्या हातात होतं, आता उघडं, चिमट्याशिवाय. मी मनात आभाराची वाट पाहत होतो. निदान उद्यापासून सूर्य तरी सुरू होईल. शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, झालं ते झालं, पण एक सांग, इतक्या हुशार पोरीला त्या कचऱ्यात दिसलं तरी काय? तो दालचिनीवाला?

“तो तं बोर हाय,” ती म्हणाली. “तिच्या खोलीले आतून कडी हाय, मामा.”